वयाचा रकाना

७ एप्रिल २०२५, सोमवार

आज नवे तेवीस. एकही रविराज नाही.

सकाळी साडेसहाला चहा ठेवते, गॅस बारीक करते आणि प्रोग्राम चालू करते. चहा उकळेपर्यंत एकसष्ट पानं वाचून होतात. पोलिसांची 'अनोळखी मृतदेह' वाली पानं, दवाखान्यांच्या नोटिसा, निवारा केंद्रांच्या याद्या. पुण्यापासून नांदेडपर्यंत. माणूस वाचत बसला तर दिवस जाईल. प्रोग्रामला चार मिनिटं लागतात. तेवढ्यात मी गाळणं धुते, कप काढते, मग बघते.

आज एक जण कालव्यात सापडलेला. वय अंदाजे पस्तीस ते चाळीस. अंगात निळा चौकडीचा शर्ट. रविराजकडे तसाच शर्ट होता. आहे. कपाटात आहे! म्हणजे हा तो नव्हे. पुढचा.

चहा चांगला झाला होता.

९ एप्रिल

सतरा. नाही.

१२ एप्रिल, शनिवार

चौकीत परत जबाब. नवीन साहेब आलेत, त्यांना पहिल्यापासून सांगायचं.

सांगितलं. आता पाठच झालंय. रविराज, माझा नवरा. वय छत्तीस. निघोज्यात पत्रे दाबून पार्ट बनवणाऱ्या एका प्रेस-शॉपमध्ये लाइन सुपरवायझर. चार नोव्हेंबरला त्याच्या लाइनवरच्या मारुतराव नावाच्या ऑपरेटरची तीन बोटं प्रेसखाली गेली. मशीनला सेन्सर असतो, हात आत असला की प्रेस खाली येत नाही. त्या दिवशी सेन्सर बंद होता. टार्गेट होत नव्हतं म्हणून रविराजनेच बंद केला होता. चौकशीच्या कागदावर कंपनीने लिहिलं— कामगाराचा निष्काळजीपणा. खाली सही रविराजची.

त्यानंतर पंधरा दिवस तो कामाला जात राहिला. जेवत राहिला. एकोणीस तारखेला पहिल्या शिफ्टला गेला, दुपारी तीनला पंच करून गेटबाहेर पडला, आणि घरी आलाच नाही. मोबाईल लॉकरमध्ये. गाडी कंपनीच्या स्टँडवर, हेल्मेट हँडलला अडकवलेलं.

साहेबांनी विचारलं, 'घरात काही भांडण?' नाही. 'बाहेर काही?' नाही. मग ते पेन खाली ठेवून म्हणाले, 'मॅडम, मोठा माणूस आहे. स्वतःहून गेला असेल तर शोधायचा कुठे?'

मी रडले नाही म्हणून त्यांना जरा विचित्र वाटलं असावं. शेजारच्या लेडी कॉन्स्टेबलने पाण्याचा ग्लास पुढे केला. निमूट प्यायले. तहान लागली होतीच.

१५ एप्रिल

आज ऑफिसात मन लागलं, म्हणजे काम झालं. मन कुठे होतं कोण जाणे!

भोसरीत लेथच्या दोन शेडच्या मधून लोखंडी जिना चढलं की आमचं ऑफिस. खाली दिवसभर लोखंड कापतात, वर आम्ही वेबसाइटी कापतो. स्पेअर पार्टवाल्यांच्या साइटवरून रोजचे भाव उचलायचे, एका तक्त्यात घालायचे, गिऱ्हाइकाला पाठवायचे. आमचे मालक ज्ञानेश सर, त्यांना हॅस्केल या प्रोग्रामिंगच्या भाषेचं वेड. सगळं जग जे पायथॉनमध्ये करतं ते आम्ही हॅस्केलमध्ये करतो. अख्ख्या भोसरीत हॅस्केल लिहिणारे आम्ही चौघंच असू, आणि त्यातले तिघे सरांना घाबरून लिहितात.

मी पहिलं वर्ष शिव्या देत शिकले. आता दुसरं काही नको वाटतं. त्यातली पानं वाचायची लायब्ररी, म्हणजे आयता लिहून ठेवलेला कोड, फार शहाणी आहे. पानावर पळत सुटायचं नाही, हे पुस ते बदल नाही. फक्त एका चौकटीची कृती लिहायची— इथून नाव घे, इथून नंबर, इथून किंमत. कृती लायब्ररीच्या हातात दिली की ती पानावरच्या प्रत्येक चौकटीवर लावून बघते आणि भरलेल्या ओळी तेवढ्या परत देते. करंजीच्या साच्यासारखं. चिवडाचिवड नाही, सांडलवंड नाही.

घरचा प्रोग्रामही त्यावरच लिहिला, डिसेंबरात, दोन रविवारांत. फोटो, वय, कुठे सापडला, कधी. चार गोष्टी. मग वयाची चाळणी— तीस ते बेचाळीस. पार्टऐवजी माणसं, एवढाच फरक.

सरांचा एकच मंत्र: अर्धवट ओळ म्हणजे कचरा. तक्त्यात एक रकाना रिकामा दिसला की ओरडतात. माझ्या तक्त्यात कधी दिसत नाही. आज सगळ्यांसमोर माझ्याकडे बोट करून म्हणाले, 'डेटा कसा असावा? विजयश्रीसारखा!' सगळे हसले. मीही हसले. हसायचं कसं ते तोंडाला अजून आठवतं.

२२ एप्रिल, मंगळवार

दुपारी चौकीतून फोन. एका सरकारी दवाखान्यात बॉडी आहे, वर्णन जुळतंय, येऊन बघा.

ज्ञानेश सर म्हणाले, 'मी येतो सोबत.' म्हटलं, नको, तुमचा क्लायंट यायचाय. रिक्षाने एकटीच गेले.

तो नव्हता. शवागारातल्या माणसाने चादर खाली केली, मी पाहिलं, म्हटलं नाही. 'नीट बघितलं ना ताई?' परत पाहिलं. कोणाचा तरी होता. मिशी नीट कोरलेली होती. एक-दोन दिवसांआधीच कोरली असणार. न्हाव्याने आरसा मागे धरून दाखवला असेल, यानेही मान हलवली असेल.

बाहेर येऊन गाडीवर वडापाव खाल्ला. एक संपला तर दुसरा मागितला. वर मिरची मागून घेतली! स्वतःची शिसारी यायला हवी होती. वाट पाहिली थोडी. नाही आली.

घरी सासूबाई दारातच उभ्या. मी त्यांना आईच म्हणते. डिसेंबरात औशाकडून आल्या त्या गावी परत गेल्याच नाहीत. नाही म्हणून मी मान हलवली. आई म्हणाल्या, 'बरं झालं माय,' आणि आत जाऊन भाकरी थापायला बसल्या.

बरं झालं का? असता तर एकदाचं संपलं असतं. लिहिलं हे. खोडत नाही.

२७ एप्रिल, रविवार

आई हल्ली सकाळी माझ्या शेजारी येऊन बसतात. 'किती आलेत?' एकोणीस. 'त्यात हाय का?' नाही. मग उठून देवाला फुलं वाहतात. मेलेल्यांत मुलगा नाही म्हणून रोज देवाचे आभार!

आज म्हणाल्या, 'मला दाव की. केसं वाढू दे न्हाईतर दाढी वाढू दे, माझं लेकरू मी वळखीन.'

म्हटलं, आई, हे बघण्यासारखं नसतं.

'तू बघायलीस की!'

लॅपटॉप मिटला.

एक गोष्ट आज लक्षात आली. निवारा केंद्रांची बावीस पानं आहेत, पण तिथून आठवड्याला कशीबशी दोन-तीन माणसं येतात. मेलेले रोज वीस. हरवलेली माणसं बहुतेक मरतातच, असं दिसतंय. नोंद म्हणून लिहून ठेवते.

४ मे, रविवार

मारुतराव आले होते.

दार मी उघडलं. ओळखलं नाही. पन्नाशीचा माणूस, पांढरा शर्ट, उजवा हात खिशात. म्हणाले, 'वहिनी, मी मारुतराव. साहेबांच्या लाइनवरला.' मग हात खिशातून काढला, ओळखपत्र दाखवावं तसा. अंगठा आणि करंगळी. बाकी काही नाही.

आईंनी पाणी दिलं. त्यांनी डाव्या हाताने घेतलं. खाली गॅसवाला ओरडत गेला.

मग ते म्हणाले, 'आमी खेडचं. शेती व्हती ती कंपनीत गेली, मी बी मागून कंपनीत गेलो. बोटाचं दुखत न्हाई आता. पर साहेब गेल्यापासून झोप न्हाई. वहिनी, त्या दिशी सेन्सर सारखा मशीन थांबवत व्हता. मीच म्हणलो साहेबाला, बंद करा राव हे, न्हाईतर ओव्हरटाइम करावा लागंल, माझ्या पोरीला बघाय पाव्हणं येणार हायेत. त्यांनी माझं ऐकलं, एवढंच.'

मी विचारलं, हे त्याला सांगितलंत?

'दवाखान्यात आले तवा सांगितलं. व्हय म्हणले. पर सही तर माझीच हाय ना मारुतराव, म्हणले. आन उठून गेले.'

जाताना आईंच्या पाया पडले. आईंनी त्यांचा तो हात दोन्ही हातांत धरला आणि सोडेनात. मी स्वयंपाकघरात जाऊन कुकर लावला.

म्हणजे रविराज त्यांना भेटायला दवाखान्यात गेला होता. मला बोलला नाही. त्या पंधरा दिवसांत तो माझ्याशी 'मीठ दे' आणि 'लाइट बंद कर' एवढंच बोलला असेल. मीही काही विचारलं नाही. म्हटलं, होईल बरा आपोआप.

१९ मे

पंधरा. नाही.

१ जून

अकरा. नाही. दूध नासलं.

१० जून, मंगळवार

वटपौर्णिमा.

मी जाणार नव्हते. सकाळी आईंनी हिरवी साडी काढून पलंगावर ठेवली आणि वर म्हणाल्या, 'जायचं नसलं तर नगं जाऊ. पर मग कामून नाही गेलीस, ते इचारणाऱ्याला तूच सांग.' गेले.

काळेवाडीत देवळामागे एक वड आहे, बारा महिने त्याच्याखाली टेम्पो उभे असतात. आज टेम्पो हलवले होते आणि तीन गल्ल्यांच्या बायका आल्या होत्या. सूत, आंबे, सेल्फी. मी रांगेत उभी राहिले. सात फेऱ्या मारल्या. सात जन्म हाच नवरा मिळो! या जन्मीचाच सापडेना, पुढच्या सहांची ऑर्डर आधीच देऊन ठेवायची.

मग एकमेकींना हळद-कुंकू. शेजारच्या सुमनताई ताट घेऊन एकेकीला लावत येत होत्या. माझ्यासमोर आल्या. हळदीत बोट बुडवलं आणि हात तसाच हवेत राहिला. वाईट बाई नाही ती. तिला खरंच कळेना, लावायचं की नाही. मलाही कळत नव्हतं. आम्ही दोघी एकमेकींकडे बघत उभ्या, आणि मागची रांग खोळंबलेली.

आई विधवा, त्या झाडाजवळ आल्या नव्हत्या. रस्त्यापलीकडे पानाच्या टपरीशी उभ्या होत्या. तिथूनच ओरडल्या, 'लाव की गं बाई! जित्ता हाय माझा पोरगा!'

सगळ्या टपरीकडे बघायला लागल्या. सुमनताईंनी घाईघाईत लावलं, जरा जास्तच लावलं, नाकावर सांडलं.

मला तिथे काहीतरी वाटायला हवं होतं. लाज, संताप, काही. मी नाक पुसलं आणि आंबा घेऊन घरी आले.

सकाळचे अठरा होते. नाही.

१९ जून, गुरुवार

आज काय झालं ते नीट, क्रमाने लिहिते.

सकाळी एका गिऱ्हाइकाचा फोन, क्लचवाले शेटजी. आवाज स्पीकर न लावता सगळ्या ऑफिसला ऐकू येत होता. 'मॅडम, जो पार्ट मी वीस वर्षं विकतोय तो तुमच्या यादीत औषधाला नाही! साइट वाचता का नुसता वास घेता?'

साइट उघडली. पार्ट होता. फोटो होता, नंबर होता. किंमत तेवढी नव्हती. 'किंमत फोनवर विचारा' असं लिहून दुकानदाराने रकाना मोकळा सोडलेला. माझ्या कृतीत किंमत हवीच होती. किंमत मिळाली नाही म्हणून लायब्ररीने ती चौकटच सोडून दिली. ना एरर, ना इशारा.

ज्ञानेश सर मागे येऊन उभे राहिले. 'अगं, हे तिचं वागणंच आहे. जी चौकट कृतीत बसत नाही ती ती गुपचूप वगळते. हा रकाना नसला तरी चालेल, हे आपण सांगावं लागतं.' एक शब्द असतो त्यासाठी, ऑप्शनल. घातला. परत चालवलं. तीनशे चाळीस पार्ट यादीत आले, किमतीच्या जागी 'नथिंग' लावून.

सर हसले. 'बघ! दुकानात होतंच की सगळं. आपल्या तक्त्याचा थाट राहावा म्हणून आपण बघत नव्हतो.' मग म्हणाले, 'चूक माझी पण आहे. कचरा कचरा म्हणून मीच डोकं खाल्लं तुमचं.'

पाच वाजता बेसिनशी डबा धूत होते. डबा धुवून झाला तरी धूत होते.

घरच्या कृतीत वय हवंच आहे. चाळणी वयाचीच आहे.

मेलेल्याचं वय पोलीस अंदाजे लिहितात. तो रकाना कधीच रिकामा नसतो. जिवंत माणसाला मात्र विचारून लिहितात. त्याने सांगितलं तर लिहितात. नाही सांगितलं तर—

म्हणजे डिसेंबरपासून माझ्या यादीत सगळे मेलेले येतात. जिवंतांतले बोलणारे येतात. न बोलणारे येतच नाहीत. आणि मी शोधतेय कोणाला? रविराजला! जो 'मीठ दे' म्हणायचा!

हे मी केलं. लायब्ररीने नाही. मी लिहिलं, चार गोष्टी हव्यातच.

२० जून

जुनाच चालवला. बावीस. नाही.

२१ जून

एक शब्द घालायचा आहे. नाही घातला.

२३ जून, सोमवार

अजून नाही.

नव्या यादीत तो नसला, तर मग शोधायला जागाच उरत नाही. आणि असला, तर तो सहा महिने तिथे बसून होता आणि मी रोज सकाळी चहा ढवळत मुडद्यांचे शर्ट तपासत होते. दोन्हीपैकी काय बरं, ठरवता येत नाही. भीती वाटतेय असं लिहायला हवं. वाटतेय का, तपासून पाहिलं. हात गार आहेत. बाकी काही नाही.

२४ जून

आईंनी पकडलं. 'चार दिस झाले, चहा उतू घालवायलीस. काय लपवायलीस?'

सांगितलं. जमेल तसं सांगितलं, की ज्यांनी आपलं वय सांगितलं नाही ती माणसं माझ्या यंत्राने बाजूला टाकली. मीच तसं शिकवलं होतं त्याला.

आईंनी गॅस बंद केला. 'मला तरी कुठं ठावं हाय माझं वय? दुष्काळाच्या आदी का मागून, आमची माय बी सांगू शकली न्हाई. मग मी हरवले असते तर मला बी टाकलं असतंस?'

हो, आई. टाकलं असतं.

'घाल मग तो शबूद,' म्हणाल्या. 'बसलीस काय?'

२५ जून, बुधवार

घातला.

चारशे अडतीस. सगळे त्या बावीस पानांतले. त्यातले पुरुष दोनशे एकाहत्तर. वयाच्या जागी नथिंग, नथिंग, नथिंग, खालपर्यंत.

आईंना म्हटलं, या बसा. हे जिवंत आहेत.

आईंनी पदर नीट घेतला आणि चष्मा लावला. पहिल्या फोटोपासून सुरुवात. एकेकाला बघून त्या काहीतरी बोलतात. 'हा कुणाचा बाप असंल गं.' 'ह्याच्या डोळ्याला औषध घालायला पायजे.' 'ह्याला जेवाय घालतात का न्हाई?' मी म्हटलं, आई, असं केलं तर महिना लागेल. 'लागू दे,' म्हणाल्या. 'त्यांच्याकडं तरी कोण बघायलंय?'

बत्तीस झाले. मग मला ऑफिसची बस गाठायची होती.

२६ जून

एक्काऐंशीपर्यंत. एक आजोबा कॅमेऱ्याकडे बघून हसतायत. एकाने फोटोत तोंड फिरवलंय. मूळ पानांवर प्रत्येकाखाली कोणीतरी मनापासून लिहिलंय— 'शांत स्वभाव', 'भाकरी आवडते', 'झाडांना पाणी घालतात'. सहा महिन्यांत मी यातलं एक अक्षर वाचलं नाही.

२८ जून, शनिवार

एकशे चौऱ्याण्णव.

आईंनी माझं मनगट धरलं. 'थांब.' मी थांबलेच होते.

डोकं बारीक कापलेलं, दाढी, गालफडं बसलेली. हातात झाडू आहे आणि तो नीट उभा धरलाय, शिफ्ट सुरू होताना ऑपरेटर उभे राहतात तसा. रविराज.

आई स्क्रीनवर हात फिरवत होत्या. त्याने चित्र पुढे-मागे पळत होतं, मी परत परत आणून देत होते. कुठे आहे ते मी वाचून सांगितलं, तशा त्या उठल्या, देवापुढे साखर ठेवली, तीच चिमूट उचलून माझ्या तोंडात घातली, आणि दार उघडून सुमनताईंना हाक मारायला गेल्या. 'सापडला गं! बार्शीपाशी हाय! जित्ता हाय!' सगळा जिना गोळा झाला. कोणी माझ्या पाठीवरून हात फिरवला, कोणी पेढे आणायला गेलं.

मी बसूनच होते. ओळ आणि मूळ पानावरची त्याची नोंद, दोन्ही पुरी वाचत होते.

नाव: सांगत नाहीत. वय: नथिंग. दाखल: २ डिसेंबर. कुठे सापडले: बार्शी रस्त्यावर चालताना. प्रकृती: उत्तम, सर्व कामे करतात, बोलणे स्पष्ट. नातेवाईक: 'कोणी नाहीत' असे ठामपणे सांगतात.

आईंना वाचता येत नाही. शेवटचा रकाना मी वाचून दाखवला नाही.

२९ जून, रविवार

सकाळी फोन केला. कोणी तरी भले गृहस्थ बोलले. 'आपण त्यांच्या कोण?' बायको. 'थांबा, विचारतो.' फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज. मग लांबून, स्वच्छ, ठणठणीत, लाइनवर सूचना देतो तसा आवाज— 'चुकीचा नंबर असेल. मला कोणी नाही म्हणून सांगा.'

फोन ठेवला. कान तापले, चहाचा कप भिंतीवर फेकला! सात महिन्यांत पहिल्यांदा मला काहीतरी झालं.

आई धावत आल्या. सगळं सांगितलं. न वाचलेला रकाना, फोन, तो काय म्हणाला ते शब्द न शब्द. म्हटलं, आई, तुमचा मुलगा धडधाकट आहे आणि मला त्याचा भयंकर राग आलाय.

आई कपाचे तुकडे वेचत बसल्या. बराच वेळ. मग मान वर न करता म्हणाल्या, 'मला बी.'

आणि मग, 'उद्याची पयली गाडी किती वाजता हाय?'